आधी चौकट आखा, मग चिटकवा

अमरावतीत बसस्टँडपासून चालत जाता येईल अशा एका गल्लीत माझं दुकान आहे. पाटीवर 'झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, डिझाइन' असं लिहिलं आहे. त्यातला 'डिझाइन' हा शब्द वाचून कुणी आत आलं आणि माझ्या संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, की हमखास विचारतं, "हे तं पेंट आहे ना, मॅडम? आमच्या पोट्ट्यायले शाळेत शिकवतात ते?"

मी म्हणते, हो, तेच. शाळेतली पोरं त्यात झोपडी, सूर्य आणि दोन नारळाची झाडं काढतात. मी त्याच्यावर गेली कित्येक वर्षं घर चालवते आहे.

दुकान सुरू केलं तेव्हा संगणक जुना होता. डिझाइनचे मोठे प्रोग्रॅम उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं, पान खाऊन यायचं, कधीकधी शेजारच्या दुकानातून काम करून घेऊन मला दाखवायला यायचं. पेंट मात्र बोट ठेवलं की उघडायचं. पुढे नवा संगणक आला, पण तोवर माझा हात पेंटवर बसला होता. आजूबाजूचे डिझाइनवाले मला 'पेंटवाली मॅडम' म्हणतात. आधी राग यायचा. आता मी स्वतःच फोनवर तशी ओळख सांगते.

बाहेरच्या माणसासाठी काम थोडक्यात सांगते. कुठूनतरी मजकूर उचलायचा, म्हणजे कॉपी करायचा, आणि चित्रावर चिटकवायचा. ऐकायला सोपं आहे. पण पेंट उघडून थेट चिटकवायला गेलात तर ते ढिम्म हलत नाही. त्याला आधी जागा दाखवावी लागते. चित्रावर एक चौकट आखायची, मग त्या चौकटीत मजकूर चिटकवायचा. चौकट उघडी आहे तोवर अक्षर मऊ असतं. लहान करा, लाल करा, शब्द बदला. पण एकदा चौकटीच्या बाहेर क्लिक केलं की अक्षराचं चित्र होतं. मग ते अक्षर राहतच नाही, नुसता रंग राहतो. पुसायला जाल तर खालचं चित्रही पुसलं जातं.

त्या चौकटीला आणखी एक खोड आहे. ती काचेसारखी बसते किंवा चुन्यासारखी. काचेसारखी ठेवली तर अक्षरं तेवढी उमटतात आणि मागचं चित्र दिसत राहतं. चुन्यासारखी ठेवली तर मागचं सगळं पांढऱ्याखाली गाडलं जातं. कोणती ठेवायची ते वरच्या एका लहानशा बटणावर ठरतं. हे बटण लक्षात ठेवा. एका मुलीचं लग्न त्याच्यावर अडलं होतं.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आई रोजानं जायची. वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालायची, तिथल्या सरांनी मला बी.ए.पर्यंत ढकलत नेलं. त्यांचं ऋण मी कधीच फेडू शकणार नाही, फेडायचंही नाही. पदवी मिळाली त्या दिवशी जिनिंगचा हंगाम होता, वडिलांना सुट्टी मिळाली नाही. फोटोत मी आणि आई दोघीच. पुढे पेंट हातात आलं तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल, तर वडिलांना त्या फोटोत आणलं. त्यांचा एकच बरा फोटो होता, ओळखपत्राचा, तोही छातीपर्यंतचा. पाय कुठून आणणार? म्हणून दुसऱ्या फोटोतली एक मोठी खुर्ची कापून आणली आणि वडिलांना खुर्चीमागं उभं केलं. त्यांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मी कवा गेलतो वो तिथी?" दुसऱ्या दिवसापासून मात्र ते लोकांना सांगायला लागले, की कार्यक्रमात भल्ली गर्दी होती, बसायला खुर्चीसुद्धा मिळाली नाही, मागं उभं राहावं लागलं.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की या कामात काहीतरी आहे.

गिऱ्हाइकं तर अशी एकेक आली, की मी दुकानात एकटी असले तरी आठवून हसते. एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मजकूर जुन्या मराठी फॉन्टमध्ये आला होता. असा मजकूर पेंटमध्ये चिटकवला की मराठी गायब होते आणि इंग्रजी अक्षरं, टोप्या, टिंबं, डॉलरच्या खुणा यांची खिचडी उमटते. मी घाईनं म्हटलं, "थांबा, दुरुस्त करते." ते म्हणाले, "राहू द्या मॅडम. इंटरनॅशनल वाटून राहिलं." समजावून सांगून मराठी केलं, तेव्हा जरा हिरमुसलेच.

चांदूर बाजारकडचे एक शेतकरी आले. ट्रॅक्टर घेतला होता, बैलजोडीचा फोटो आणला होता. "बाई, लिवा, 'जोडी विकणे आहे'. मोठं लिवा." मी एका बैलाच्या पाठीवर लाल अक्षरांत चिटकवलं. थोड्या दिवसांनी तेच परत आले.

"पुसा ते."

"विकली का जोडी?"

"नाई वो. बायको बोलून नाई राहिली. लेकरासारख्या बैलाच्या आंगावर असं कोनी लिवते का, म्हनते."

पेंटमध्ये पुसायची आमची एकच पद्धत आहे. शेजारचा तुकडा कापून आणायचा आणि वर ठिगळ लावायचं. मी बैलाच्याच पाठीचा तुकडा कापून बैलाच्या पाठीवर लावला, पण हात जरासा वर गेला आणि बैलाला दोन वशिंडं झाली. त्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

"असू द्या," म्हणाले. "जोर जास्ती दिसते."

पण मी ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले आहे ते देविदासभाऊ. एसटीत आयुष्यभर कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी बोलणं तसंच राहिलं. दुकानात चार माणसं असली की दारातूनच म्हणणार, "आत सरका, जागा आहे." आणि खरंच जागा होत असे.

पहिल्यांदा आले ते घाईत. "मॅडम, एक सुविचार पायजे. भारी. आत्ताच पायजे."

"कशासाठी हो?"

"इवायाले हानाचा आहे."

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीन. देविदासभाऊंची मुलगी प्रणाली एका लॅबमध्ये काम करते. तिचा साखरपुडा अकोल्याच्या मुलाशी झाला होता. मुलाचे वडील गुलाबराव सर, मूळचे पातूरचे, अकोल्याच्या शाळेत ड्रिल मास्तर होते. साखरपुड्यानंतर दोन्ही घरांचा मिळून व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट झाला. गुलाबराव सर रोज सकाळी त्यावर एक चित्र टाकायचे. मागं उगवता सूर्य, कोपऱ्यात पांढऱ्याशुभ्र पोशाखातले स्वतः सर आणि खाली शिस्तीवर किंवा वेळेवर एक सुविचार.

"त्याइचा भाचा करून देते," देविदासभाऊ म्हणाले. "आपल्याकून नुसते जोडलेले दोन हात जातात. मुलीची बाजू कमी दिसून राहिली, मॅडम."

त्या दिवसापासून मुलीची बाजू माझ्याकडे आली. देविदासभाऊ कुठल्या ना कुठल्या गटावर आलेला सुविचार कॉपी करून पाठवायचे, मी तो चित्रावर चिटकवायचे. अकोल्याहून सूर्य आला की अमरावतीहून धबधबा जाई. तिकडून कमळ आलं की इकडून राजहंस. एकदा तिकडून हिमालय आला, तेव्हा देविदासभाऊंनी विचारलं, "याच्यापेक्षा उच्च काही आहे का?" मी चंद्र काढून दिला.

मग एके दिवशी दोन्हीकडून एकाच सकाळी एकच सुविचार गेला. अक्षर न् अक्षर तेच. दोघांनीही फिरत फिरत आलेला मजकूर उचलला होता, दुसरं काय होणार? पण देविदासभाऊ तणतणत आले, "माह्यावालं उचललं त्याइनं!" तोवर तिकडून गुलाबराव सरांचं चित्रही आलं होतं, खाली लिहिलेलं, 'विचार स्वतःचा असावा.'

त्याच दुपारी प्रणाली दुकानात आली. लॅबमधला पांढरा कोट अंगात तसाच.

"ताई, हे दोघं माझं लगन मोडतील," ती म्हणाली.

मला हसू आलं. ती हसली नाही.

"मागं एका ठिकाणी सगळं जमलं होतं. जेवणात त्याइच्या मामाले पापड वाढायचा राहिला, तेवढ्यावर बिनसलं. तेव्हा मले काही वाटलं नाही, मुलगा तसाच होता. पण हा मले पसंत आहे, ताई. खरंच पसंत आहे. बाबाचं चित्र जायच्या आधी तुम्ही एकदा पाहत जा. एवढं करा."

एवढं मी केलं. देविदासभाऊंनी 'काही लोकांचे कपडे पांढरे असतात' अशा सुरुवातीचा मजकूर आणला की मी म्हणायचे, "भाऊ, हा चौकटीत मावत नाही." आणि गुलाबावरचा एखादा चिटकवून द्यायचे. ते म्हणायचे, "गुलाब? त्याइच्या नावाचा?" मी म्हणायचे, "म्हणूनच." असं करत करत दोन्हीकडची हवा बरी झाली. एकदा तर अकोल्याहून चित्राखाली 'सुंदर' असा शेरा आला. देविदासभाऊंनी तो मला दिवसभर दाखवला.

मग त्यांना स्वतःच शिकायची हौस आली. मी दुसऱ्या संगणकावर बसवलं. माणूस हुशार. चौकट, कॉपी, चिटकवणं, सगळं पटापट आलं. बाहेर क्लिक केलं की अक्षराचं चित्र होतं, हे इतरांना समजवायला मला फार वेळ लागतो. ते लगेच म्हणाले, "म्हंजे तिकिटाले पंच मारल्यासारखं. एकदा भोक पडलं की पडलं." आणि मग प्रत्येक वेळी बाहेर क्लिक करताना तोंडानं घंटी वाजवायचे, "टिंग टिंग!" दुकानातली सगळी गर्दी त्या घंटीवर हसायची. काच आणि चुना यातला फरकही मी दाखवला होता. त्यांनी मान डोलावली होती.

गुलाबराव सरांचा वाढदिवस आला तो नेमका कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत. दुकानात पोरांची रांग बाहेरपर्यंत गेलेली. देविदासभाऊ आले ते काळा चष्मा लावून. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"भाऊ, डोळ्यांना आराम द्यायचा ना," मी म्हटलं.

"आज इवायाचा वाढदिवस आहे. आराम उद्या. तुमी तुमचं पाहा, मी माह्यं पाह्यतो."

साखरपुड्याचा मोठा गटफोटो त्यांनी उघडला. दोन्ही घरची माणसं ओळीनं उभी. मी एका मुलीचा जातीचा दाखला अपलोड करण्यात गुंतले होते. कानावर त्यांची टकटक पडत होती. बराच वेळ टाइप करत होते. एरवी चिटकवायला एवढा वेळ लागत नाही. मग आवाज आला, "टिंग टिंग!" आणि पाठोपाठ, "गाडी सुटली!" म्हणजे पाठवलंसुद्धा. समाधानानं चहा सांगायला ते बाहेर गेले.

रांगेतल्या एका मुलीनं त्यांच्या पडद्याकडे पाहून विचारलं, "मॅडम, हे कोण आहे? याले चेहरा नाही."

मी उठून पाहिलं. फोटोत सगळे होते. देविदासभाऊ होते, प्रणाली होती, मुलगा होता, मावश्या, काका, कडेवरची बाळंसुद्धा. उजव्या टोकाला गुलाबराव सरांच्या जागी मात्र डोक्यापासून कमरेपर्यंत एक पांढरी चौकट उभी होती. चौकटीत बारीक अक्षरांत काहीतरी मजकूर आणि चौकटीखालून पांढऱ्या पायजम्यातले दोन पाय बाहेर आलेले.

देविदासभाऊ चहा घेऊन आले. मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, पडद्याला नाक लावलं.

"अरे बापा," ते हळूच म्हणाले. "मले तिथी जागा रिकामी दिसली."

आणि खरंच दिसली असणार. मागं मांडवाचं पांढरं कापड, त्यावर फ्लॅशचा लखलखाट, त्यात पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा. त्यातून कंडक्टरचं आयुष्य. गच्च भरलेल्या गाडीत एक जागा रिकामी दिसली तर हा माणूस ती सोडणार कशी?

आम्ही फोन उघडला तर गटावर एकच ओळ आली होती. गुलाबराव सरांनी गट सोडला होता.

संध्याकाळी प्रणालीचा फोन आला. रडून मोकळी झालेली होती, आवाज घट्ट होता. "त्याइच्या घरून कोणी फोन उचलून नाही राहिलं. बाबा उद्या अकोल्याले जातो म्हणतात. तुम्ही संगं जा, ताई. एकटे गेले तर तिथं अजून काहीतरी चिटकवतील."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून, लॅपटॉप पिशवीत घालून मी एसटीत बसले. बडनेरा येईपर्यंत देविदासभाऊंनी तीन वेळा उठून लोकांना आत सरकवलं. ड्यूटीवरच्या कंडक्टरनं शेवटी हात जोडले. मूर्तिजापूर आलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तुमी सांगा मशीनची चूक झाली. तुमी शिकलेल्या, तुमचं आयकतील."

"मशीनची चूक नव्हती, भाऊ."

"मले मालूम आहे. पन मशीनले राग येत नाई ना."

अकोल्यात घराचं दार शकुंतलाबाईंनी, म्हणजे इहिणीनं उघडलं. पाणी दिलं, चहा ठेवला. गुलाबराव सर आतल्या खोलीतून आले, खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बसले. पाठ ताठ, ड्रिलला उभे असावेत तशी.

"इवाई, मशीननं..." देविदासभाऊंनी सुरुवात केली.

"मशीननं?" सर भिंतीला म्हणाले. "मशीनले मीच सापडलो? बाकी सारे बरे दिसले मशीनले!"

 मग सर आपणच बोलायला लागले, राग उतरून गेल्यासारखे. "साऱ्या नोकरीत मी पोट्ट्यायले फोटूसाठी ओळीत उभं केलं. उच्च मागं, बुटके पुढं. सारे उभे राहिले की मंग जागा उरंल तिथी कडेले मी. शाळेच्या एकूनएक फोटूत मी कडेलेच आहे. पोराच्या साखरपुड्यातही तसाच राहिलो, सवय आहे. आता कडेलेही नाई राहू दिलं."

देविदासभाऊंनी मान खाली घातली. मी लॅपटॉप उघडून सरांच्या शेजारी, भिंतीकडेच तोंड करून, जमिनीवर बसले. म्हटलं, "सर, एकदा पाहा फक्त." एक चौकट आखली, चुन्याची. मागचं झाकलं गेलं. बटण बदललं, मागचं दिसायला लागलं. पुन्हा चुना, पुन्हा काच. ते बघत होते. शिक्षकच शेवटी, फळ्यावर काही लिहिलं की नजर जायचीच.

"मंग हे बटन दाबलं काहून नाई यानं?"

"ऑपरेशन झालं आहे डोळ्याचं. काळा चष्मा लावून बसले होते, तुमच्या वाढदिवसासाठी."

तेवढ्यात शकुंतलाबाई चहा घेऊन आल्या. "त्या पांढऱ्या डब्ब्यात लिवलेलं काय आहे, ते वाचलं का कोनी?" त्यांनी विचारलं.

कुणीच वाचलं नव्हतं. मीसुद्धा नाही. अक्षरं मुंगीएवढी दिसत होती आणि सगळ्यांचं लक्ष गेलेल्या चेहऱ्याकडे होतं. मी फोटो मोठा केला. शकुंतलाबाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं:

"आमचे इवाई गुलाबराव सर यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. माझ्या गाडीत रोज तुमच्या शाळेतल्यासारखी पोरं चढायची. रांगेत चढणारी पोरं कोणत्या मास्तरची आहेत ते मला कळायचं नाही. आता कळलं. माझी मुलगी अशा माणसाच्या घरी जाते म्हणून मी निश्चिंत आहे. आपला, देविदास कंडक्टर."

सरांनी खुर्ची भिंतीकडून वळवली. सावकाश, पाय न खरडता.

"हे कुठून उचललं?"

"कुठून नाई," देविदासभाऊ म्हणाले. "हे माह्यंच आहे. पयलंच आहे. म्हून तं जागा मोठी लागली."

शकुंतलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलं असेल. पण त्या हसत होत्या, खांदे हलत होते. "अवं, एवढं चांगलं लिवलं अन् ते याइच्या थोबाडावरच चिटकवलं!" त्यांना पुढे बोलवेना. मग मी हसले, मग देविदासभाऊ भीत भीत हसले, आणि शेवटी सर. ड्रिल मास्तरचं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. शिट्टीसारखं होतं.

"सरका," ते मला म्हणाले. "दाखवा, कसं करता ते."

माऊस त्यांनी रूळ धरावा तसा धरला. त्याच फोटोत देविदासभाऊंच्या चेहऱ्यावर नीट मोजून एक चौकट आखली. बटणाकडे बोट करून विचारलं, "चुना हाच ना?" मी हो म्हटलं. मग एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, टाइप केलं आणि बाहेर क्लिक केलं. देविदासभाऊंच्या चेहऱ्यावर आता लिहिलं होतं, 'स्त्रियांसाठी राखीव'.

"टिंग टिंग," देविदासभाऊ म्हणाले.

इवायाची थट्टा इवायानं करावी, हा आमच्याकडचा मान आहे. सर गटावर परत आले आणि पहिलं ते चित्र टाकलं. मावश्या, काका, मामा, सगळ्यांच्या हसण्याच्या खुणांनी फोन गरम झाला. परतीच्या गाडीत प्रणालीचा फोन आला. ती बोलत नव्हती, नुसती हसत होती, आणि मधूनच नाक ओढत होती. देविदासभाऊंनी फोन कानाला लावला आणि खिडकीकडे तोंड केलं. मूर्तिजापूरला गाडी भरली तरी ते कुणाला आत सरका म्हणाले नाहीत.

आता असं काम कमी झालं आहे. फोनमध्येच सगळं होतं, बोटानं. चौकट आपोआप येते, काचेचीच येते, नाही आवडली तर नंतरही बदलता येते. पोरं मला विचारतात, पेंट अजून वापरता? मला वाईट वाटतं ते पेंटचं नाही. बाहेर क्लिक करायच्या आधी एक क्षण थांबायची सवय होती लोकांना, ती गेली. देविदासभाऊंना ती नव्हतीच म्हणा.

लग्न अमरावतीला झालं. मीही गेले होते. इवाईभेट झाली, दोघांनी एकमेकांना हार घातले, मिठी मारली. मग फोटोवाल्यानं गटफोटोसाठी सगळ्यांना उभं केलं. सर सवयीनं टोकाला गेले. देविदासभाऊ ओरडले, "अहो इवाई, मधात! मधात या! आत सरका सारे, जागा आहे!" आणि खरंच जागा झाली. गुलाबराव सर बरोबर मध्ये येऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी झेंडूच्या रंगाचा सदरा घातला होता. मांडवाच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसत होता.

फोटोवाला "रेडी" म्हणाला, तसं सरांनी पाठीमागून एक कोरा पांढरा पुठ्ठा काढला आणि छातीशी धरला.

"हे काय?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"इवायासाठी जागा ठेवली," सर म्हणाले.

तो फोटो माझ्या दुकानात आला. देविदासभाऊ आता काळ्या चष्म्याशिवाय बसले. चौकट आखली, ती पुठ्ठ्याच्या कडांना नेमकी बसेपर्यंत तीनदा मोडली. काचेचं बटण मला दाखवून दाबलं. मजकूर कुठूनही कॉपी केला नाही, स्वतः टाइप केला.

'आत सरका, जागा आहे.'

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांचा चेहरा पाहिला, सगळ्यांचे चेहरे पाहिले, आणि मान हलवली. ते बाहेर क्लिक करणार तेवढ्यात रांगेतल्या पोरांनीच आवाज दिला.

"टिंग टिंग!"